मामा मचाणावर, भाचा झाडावर

चितळ आमच्या भाच्याच्या आधी अमेरिकेला गेलं. १८६८ साली हाँगकाँगहून काही चितळं हवाईच्या राजाला, पाचव्या कामेहामेहाला, भेट म्हणून आली आणि मोलोकाई बेटावर सोडली गेली. १९३२च्या सुमारास ती टेक्सासात पोचली. काळवीट गेलं, रोहीही गेली. रोह्यांना तर किंग रँच नावाचं अवाढव्य कुरण मिळालं. व्हिसा नाही, मुलाखत नाही आणि परत यायचं नाव नाही. भाचा वर्ध्याहून पुण्याला आणि पुण्याहून ऑस्टिनला पोचला, तोवर त्या शहराबाहेरच्या टेकड्यांत आपली ठिपकेदार हरणं पिढ्यान् पिढ्या नांदत होती. तिकडे त्यांना ‘ॲक्सिस’ म्हणतात.

आता भाचा धनुष्यबाण घेऊन त्यांच्यासाठी झाडावर चढतो. मी इकडे सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अलीकडे, त्यांच्यापासून हरभरा वाचवायला मचाणावर चढतो. हरीण यावं म्हणून तो बसतो, येऊ नये म्हणून मी. रविवारी आमचा फोन असतो आणि त्यात दोघांचीही तीच रड असते. त्याला जे पाहिजे ते सगळं मला मिळतं, मला जे पाहिजे ते त्याला.

“मामा, आज बी हुकलं.”

“माह्या हरभऱ्यात ये ना बाप्पा. इथं नाई हुकत.”

ज्यांचं वावर जंगलाला लागून नाही त्यांना जागली म्हणजे काय ते सांगायला हवं. पीक हाताशी आलं की रात्रभर शेतात राहून जनावरं हाकलणं, ही जागली. चार बल्ल्या रोवायच्या, आडवे बांबू बांधायचे, वर तुराट्यांचं छप्पर करायचं. खाली शेकोटी, वर गोधडी, टॉर्च आणि बडवायला तेलाचा रिकामा पिपा. बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. जाहीर झाला तेव्हा १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातला सर्वांत लहान होता. जंगल लहान म्हणजे कडा जवळ, आणि कडेला आम्ही. आमच्या धुऱ्यावर चितळ येतं, रोही येते, डुक्कर येतं, कधीमधी सांबर येतं. भेकर नुसतं आतून भुंकतं.

नोकरीत असताना मी शाळेत विज्ञान शिकवायचो, ती खोड अजून गेली नाही, म्हणून जाता जाता एवढं सांगतो. रोही हरीण नव्हे. ती गाई-बकऱ्यांच्या कुळातली. नराची शिंगं आयुष्यभर टिकतात. चितळ खरं हरीण. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. नवीन शिंगांवर मखमली कातडी असते, ती वाळली की तो झाडाला शिंगं घासून काढतो. त्यासाठी त्याला संत्र्याचं कोवळं कलम फार आवडतं. कारंजा-आष्टीकडच्या संत्रावाल्यांना विचारा.

भाच्याचा खर्च ऐकून आमच्या घरी सगळे गप्प झाले होते. तिकडे आधी शिकारीचा अभ्यासक्रम पास करावा लागतो, मग परवाना काढायचा. जमीन बहुतेक खासगी, त्यामुळे मालकाला पैसे द्यायचे. मोठ्या शिंगांच्या एका नर चितळाचे दोन-तीन हजार डॉलर सहज पडतात. त्या भावाने माझ्या वावरात रात्री जो कळप उतरतो त्याचा हिशेब एकदा मी पाटीवर मांडला. आमच्या घरी म्हणाल्या, पुसून टाका, झोप लागायची नाही.

इथे अर्थातच त्यातलं काही चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळाची शिकार हा गुन्हा आहे. बाणाने करा, बंदुकीने करा नाहीतर फास लावून करा, नुसता प्रयत्न केला तरी गुन्हाच. पिकं खाणाऱ्या रोह्यांसाठी आणि डुकरांसाठी परवानगीची वाट आहे, पण अर्ज, पाहणी, परवाना होईस्तोवर हरभऱ्याचे घाटे आत गेलेले असतात. चितळाने खायचं आणि आपण पंचनामा करून घ्यायचा.

तर आता वाऱ्याकडे येऊ, कारण हरणांच्या शाळेत पहिला तास वाऱ्याचा. भाचा खिशात भुकटीची बाटली ठेवतो. बाटली दाबली की चिमूटभर पांढरी भुकटी उडते आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. वारा त्याच्याकडून हरणाकडे असेल तर तो दिवस वाया गेला. माणसाचा वास लागला की हरीण दिसायच्या आधीच वळतं. तो वास मारायला त्याने काय काय केलं! बिनवासाचा साबण, बिनवासाचा शांपू, कपडे पानांनी भरलेल्या पेटीत. एकदा तर त्याने बाटलीतलं हरणाचं मूत्र विकत आणलं. इकडे गोमूत्र, तिकडे मृगमूत्र. पण ते पांढऱ्या शेपटीच्या तिकडच्या हरणांसाठी, त्यांच्या माजाच्या दिवसांत वापरायचं असतं. चितळांचा सगळ्या नरांना एकदमच गाठणारा असा मोसम नसतो. कुठल्याही महिन्यात कळपात कोणी माजावर असतो, कोणाची शिंगं नुकती गळलेली असतात. त्यामुळे चितळाने त्या बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती गाडीत सांडली मात्र. सूनबाईंनी ती गाडी पुढे किती दिवस वापरली नाही, हे मी विचारलेलं नाही.

आता माझं ऐका. माझं वावर डोंगराच्या पायथ्याशी. दिवस मावळला की उतार झपाट्याने गार होतो. त्याला लागून असलेली हवा गार म्हणजे जड होते आणि हळूहळू खाली ओघळू लागते. शेकोटीचा धूर बघितला की कळतं: सांजेपासून पहाटेपर्यंत तो गावाकडे जातो. म्हणजे डोंगरावरून उतरणाऱ्या चितळांना माझा वास येणं शक्यच नाही. त्यांचाच वास माझ्याकडे येतो, आणि मला त्याचा काही उपयोग नाही. ज्या वाऱ्यासाठी भाचा भुकटी उडवत टेकड्या पालथ्या घालतो, तो मला रोज रात्री फुकट. सकाळी ऊन पडलं, उतार तापला, की हवा उलटते आणि माझा वास डोंगरावर चढतो. तोवर चितळं पोट भरून वर सावलीत रवंथ करत बसलेली असतात. बिचाऱ्यांना तेव्हा कळत असेल की रात्री खाली कोणीतरी होतं.

डुकरांसाठी आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानातले केस आणून धुऱ्यावर पसरतात. नाक जमिनीला लावून चालणाऱ्या डुकराला तो त्रास होतो असं म्हणतात. एका शेजाऱ्याने दोन पोती आणली आणि नेमकी डोंगराच्या बाजूला पसरली. सबंध हंगाम वाऱ्याने तो वास आम्हा सगळ्यांच्या मचाणांवर आणून सोडला. जागलीला येणारी पोरं कमी झाली, चितळं तेवढीच राहिली.

रंगांचा मामला त्याहून गमतीचा आहे. विदर्भात कुठेही जा, वावराभोवती जुन्या साड्या ताणलेल्या दिसतील. लांबून लग्नाचा मांडव वाटतो. लाल साडीला जनावर बिचकतं असा समज असल्यामुळे घरोघरच्या लाल साड्या आधी निघतात. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि नारिंगी त्यांना वेगळे उठून दिसतच नाहीत. म्हणून तर अमेरिकेत कितीतरी राज्यांत शिकाऱ्यांना झगझगीत नारिंगी जाकीट सक्तीचं आहे: दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा, हरणाला नाही. निळा रंग मात्र हरणांना चांगला दिसतो, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही थोडाफार दिसतो. धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे द्रव्य असतं, ते नेमकं तिथेच चमकतं. भाच्याने पानाफांदीच्या नक्षीचे महागडे कपडे आणले आणि आईच्या सवयीने चांगल्या पावडरीत खळखळून धुतले. पहाटेच्या अंधुक उजेडात झाडावर तो चितळांना दिव्याच्या माळेसारखा दिसला असणार.

हे सगळं शास्त्र मी घरी समजावून सांगितलं आणि लालच्या जागी निळ्या साड्या मागितल्या. निळी एकच निघाली, तीही माहेरची. विषय तिथेच संपला. लाल साडी वाऱ्याने फडफडते तेवढी पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते, नंतर चितळं खालून जातात. खालूनच जातात, हे बघण्यासारखं असतं. तारेचं कुंपण उडी मारून ओलांडण्याची ताकद चितळात आहे, पण त्याला वाकून खालून सरकणं आवडतं. पुढचे पाय घुसवतं, मान लांब करतं, पाठ तारेला घासत निघतं. खालच्या तारेवर सकाळी तांबूस केस अडकलेले असतात. टेक्सासातही ते असंच करतं म्हणे. रोही येते ती तार तोडून किंवा वरून.

आता बाणाचं गणित. भाच्याचं धनुष्य आपल्या रामलीलेतल्यासारखं नाही. दोन्ही टोकांना चाकं असतात. ओढायला सुरुवात केली की २५-२७ किलोचा जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की चाकं फिरून बहुतेक भार स्वतःवर घेतात आणि हाताला पाच-सहा किलोच उरतात, म्हणून नेम धरून थांबता येतं. याच जातीच्या धनुष्याने नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात ५० मीटरवरून १५ बाण मारले आणि १५० पैकी १५० गुण. भाच्याला मी हे अभिमानाने ऐकवलं. तो म्हणाला, “मामा, त्याचं टार्गेट उडी नाई मारत.”

चितळ मारतं. भाच्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटरने सुटतो. चितळ २५ मीटरवर उभं असेल तर बाणाला ०.३ सेकंद लागतात. पण दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ३४० मीटरने धावतो. तो ०.०७ सेकंदात त्याच्या कानात. मधे राहिले पाव सेकंदाला थोडे कमी. एवढ्यात चितळ पळून जात नाही, ते नुसतं दचकतं. पण पळायचं तर आधी पाय वाकवून अंग खाली घ्यावं लागतं, आणि त्याच वेळी बाण पाठीवरून निघून जातो. भाच्याचे बाण असेच गेले; जे सापडले ते स्वच्छ सापडले. म्हणून जाणते धनुर्धारी वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे बाण सोडतच नाहीत. तिकडच्या हरणांपेक्षा ॲक्सिस जास्त भित्रं आणि चपळ असतं, असं टेक्सासचे शिकारी सांगतात. वाघाच्या शेजारी घडलेलं जनावर आहे, म्हणतात. मला पटतं. टेक्सासात त्याला वाघ भेटून नव्वद वर्षं झाली, तरी कान अजून बोरमध्येच आहेत.

आणि बोरमधले कान? दोरीच्या आवाजाने तिकडे जे जनावर जमिनीला टेकतं, ते माझ्या वावरात भोंग्याच्या शेजारी उभं राहून हरभरा खातं. आम्ही काय नाही वाजवलं! पिपे वाजवले, फटाके फोडले, कुत्र्यांचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी भरून भोंग्यावर लावली. पहिली रात्र दिवाळी. दुसऱ्या रात्री कळप वीस पावलं मागे सरकून उभा राहिला. चार दिवसांनी त्यांना कळलं की हा वाघ एकाच जागी बसतो, दर पाच मिनिटांनी तेच म्हणतो आणि लाइन गेली की गप्प होतो. खरा वाघ आला की आवाज वेगळ्याच दिशेने येतो. आधी झाडावरची वानरं खेकसतात, मग चितळांचा तो तीक्ष्ण ‘क्यांव’, आणि पुढच्या पायाची आपट. वानर वरून पाहतं, चितळ खालून हुंगतं. वानराने टाकलेला पाला चितळ खातं. असा पहारा ज्यांच्याकडे आहे त्यांना आमचा भोंगा कसा फसवणार?

शेजारचे एक काका कीर्तनाला जाणारे. भाच्याचा उद्योग कळल्यावर त्यांनी मला धुऱ्यावर थांबवून पुराण ऐकवलं. धनुष्य घेऊन हरणामागे गेलेल्या एकाचं तरी भलं झालं का, सांगा मास्तर. राम सोन्याच्या हरणामागे गेला, मागे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक. पंडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडला, ते निघाले ऋषी. शाप घेऊन बसला. दुष्यंत हरणामागे आश्रमात शिरला, लग्न केलं आणि विसरला. आणि जरा नावाच्या पारध्याने झुडपात हरीण समजून बाण मारला तो श्रीकृष्णाच्या पायाला लागला. दशरथ हत्ती समजून चुकला, त्यालाही यातच धरा. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, टेक्सासच्या अभ्यासक्रमात हा नियमच आहे: जनावर डोळ्यांनी नीट ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणजे दशरथ परीक्षेत नापास झाला असता.

गांधीजींचं नावही आमच्याकडे या वादात हटकून निघतं. सेवाग्राम काही लांब नाही. अहिंसेच्या जिल्ह्यात शिकारीच्या गप्पा कसल्या, असं कोणीतरी म्हणतंच. पण १९४६ साली ‘हरिजन’मध्ये पीक फस्त करणाऱ्या माकडांबद्दल लिहिताना, कुठल्याही जिवाला मारूच नये इतक्या टोकाची अहिंसा आपल्याला मान्य नाही, असं त्यांनीच स्पष्ट केलं होतं. नांगर धरणाऱ्याचा प्रश्न त्यांना कळत होता. सत्याग्रह मात्र चितळांनीच केलाय: कितीही हाकला, शांतपणे परत येतात.

यात हसण्यासारखं नाही तेही सांगतो. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणारे लोक आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात, ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण अशाच तारेला चिकटून मेली. तार लावली होती पीक खाणाऱ्या जनावरांसाठी. तीच तार रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही ओळखत नाही. वावरात वीज रात्रीची येते, माणूस रात्रीच बाहेर असतो. असं करणाऱ्याशी मी बोलत नाही.

भाचा गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा हट्टाने जागलीला आला. मचाण बघून हसला. तिकडे पंधरा-वीस फुटांवर लोखंडी बैठक, कमरेला-खांद्याला पट्टे, कारण शिकारीतले कितीतरी अपघात बंदुकीने होत नाहीत, झाडावरून पडून होतात. आमचं मचाण आठ फुटांचं आणि पट्टा म्हणजे माझा हात. पहाटे थंडीने तो गोधडीत गुरफटला होता. मी खांद्याला हात लावला. दहा-बारा पावलांवर, धुऱ्याच्या आत, एक नर उभा होता. शिंगं त्याच्या पाठीला टेकतील एवढी. मान खाली, हरभऱ्याचे शेंडे खुडण्याचा बारीक करकर आवाज. हरभऱ्यावरची आंब थंडीत ओली असते, त्याचं तोंड चमकत होतं. मागे तीन माद्या, एक पाडस. वारा डोंगराकडून, म्हणजे आमच्यावर. इतक्या जवळ, अशा वाऱ्यावर, एवढा वेळ, टेक्सासात भाच्याला एकदाही मिळालं नव्हतं. त्याने फोन काढला. हात लटलट कापत होते. शिकाऱ्यांना हे होतं, त्याला तिकडे ‘हरणाचा ताप’ म्हणतात; मला वाटायचं तो फक्त धनुष्य धरल्यावर चढतो.

मी पिपा बडवला.

“मामा! काहून वाजवलं?”

“हरभरा कोणाचा हाय?”

तो जाईस्तोवर माझ्याशी नीट बोलला नाही. जाताना मात्र स्वतःच्या पैशाने झटका मशीन बसवून गेला. बॅटरीवर चालतं, सौर पाटी आहे, तारेतून क्षणभराचा झटका जातो. जनावर मरत नाही, पुन्हा यायचा विचार करतं. खालची तार चितळाच्या सवयीप्रमाणे गुडघ्याखाली बांधायची, हे त्यानेच सुचवलं. हरणांच्या शाळेत तोही काही शिकलाच होता. तारेला गवत टेकू द्यायचं नाही एवढी मेहनत, ती मी करतो. या हंगामात कळप माझ्या धुऱ्यापर्यंत आला, तारेला नाक लावलं, आणि वळला.

वळला तो शेजारच्या काकांच्या तुरीत. परवा सकाळी ते धुऱ्यावर उभेच होते. रामापासून जरा पारध्यापर्यंत सगळं विसरले होते.

“मास्तर, भाचा कधी येते म्हणता? धनुष्य घेऊन येते काय?”